तावदान नावाचा भिक्षू

काचवाल्याला गल्लीत सगळे कपाट म्हणत. तोंडावर नाही, पण त्याची पाठ वळली की लगेच. खांदे दारात अडकतील असे, खालचा जबडा पुढे आलेला, आणि दोन सुळे ओठांना न जुमानता बाहेर डोकावणारे. असा माणूस दारात आला की घरच्यांना हमखास आठवतं, पलंग जरा भिंतीला सरकवायचा राहिलाय. जन्मभर त्याने लोकांचे पलंग सरकवले. तेच हात दिवसभर आरशांच्या कडा घासतात, देवळीएवढ्या खिडकीत तावदान बसवतात, हे कोणाच्या ध्यानात यायचं नाही. आणि त्याने तरी सांगायला नको का? बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. हा पठ्ठ्या आंब्यांची टोपली घेऊन मूग गिळून बसणारा.

बायको अगदी उलट. ती बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर होती. लोक बसमध्ये काय काय विसरतात! छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकेकटे बूट, एकदा तर पोपटाचा रिकामा पिंजरा. कोणी न्यायला आलं नाही की बाई त्या वस्तूची गोष्ट रचायची. गेल्या वर्षी ती खिडकी बंद झाली, बाईला वरच्या मजल्यावर टंकलेखनाला बसवलं आणि वस्तू खाली गोदामात पडून राहिल्या. गोष्टी मात्र रविवारी दुपारी घरच्या टेबलावर येत राहिल्या.

तिथे तिचा खेळ चालायचा. पत्त्यांचा नाही, सोंगट्यांचा नाही, गोष्टीचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कोणी जादूगार, कोणी सरदार. सूत्रधार गोष्ट सांगतो, मध्येच थांबतो आणि विचारतो, "तुझं पात्र काय करतं?" तुम्ही सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधार अर्थातच बायको. खेळायला तिचा धाकटा भाऊ यायचा, जो एरवी विमा विकायचा आणि इथे चिलखत घालून सरदार व्हायचा. दुसरी औषधाच्या दुकानातली बाई. ती चिमणी नावाच्या बारक्या, चपळ चोरटीचं सोंग घ्यायची आणि ते इतकी वर्षं घेत होती की कधीकधी दुकानातही चिमणीच्या आवाजात बोलायची. तिसऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई. तिघांपेक्षा कमी जमले तर खेळ नाही, हा सूत्रधारबाईंचा एक नियम. दुसरा नियम जास्त कडक: पहिला शब्द खरा. विचारल्यावर तोंडातून जे आधी निघेल तेच घडलं. मागाहून "मला तसं म्हणायचं नव्हतं" म्हणून रडायचं नाही.

टेबलामागच्या भिंतीपलीकडे काचवाल्याचा कारखाना. रविवारी कामाला सुट्टी, तरी हा जेवून तिकडेच जायचा. लोकांना वाटायचं, बायकोच्या पोरखेळाला कंटाळून पळतो. तो दार बोटभर उघडं ठेवायचा आणि पुसलेली हत्यारं पुन्हा पुसत बसायचा. भिंतीआड बायको कधी बहिरी चेटकीण व्हायची, कधी सर्दी झालेला ड्रॅगन, आणि हा ऐकायचा. वर्षानुवर्षं ऐकत होता, कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

मग शाळेतल्या बाईंची बदली झाली आणि रविवार मुके झाले. बायकोने तक्रार केली नाही. फासे डब्यात भरले, डबा कपाटावर ठेवला, आणि दुपारी झोपू लागली. ही बाई कधी दुपारी झोपणारी नव्हे. काचवाल्याला कारखान्यात करमेना. काच कापली तर तिचाच आवाज मोठा वाटायचा. एका संध्याकाळी भाजी निवडणाऱ्या बायकोसमोर तो उभा राहिला.

"मी बसू का?"

"कुठे?"

"खेळायला."

बायकोने आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग हात पुसले आणि खेळाचं जाडजूड पुस्तक काढलं, तो विचार बदलायच्या आत.

"आधी कुळ ठरवा," ती म्हणाली. काचवाला पानं कडांनी धरून उलटत होता, जशी काच धरतात. लांब कानांचे देखणे एल्फ होते, हजार हजार वर्षं जगणारे. दाढीवाले बुटके होते. सगळे कसे फोटोला उभे राहिल्यासारखे. एका पानावर मात्र एक हिरवट, रुंद गडी अवघडून उभा होता. खालचा जबडा पुढे, सुळे बाहेर.

"हा कोण?"

"अर्धा ऑर्क. ऑर्क म्हणजे रानटी, दांडगे. याचे आईबाप, एक ऑर्क नि एक माणूस. म्हणून हा दोन्हीकडे परकाच."

काचवाला बराच वेळ चित्र बघत राहिला. "याला लग्नाला बोलावलं तर आधी खुर्च्या उचलायला लावतील," तो म्हणाला. बायको खदखदून हसली, आणि मग हसता हसता थांबली. "हाच घेतो," तो म्हणाला.

मेहुणा तोवर येऊन टपकला होता. "भाऊजी, आता डोळे मिटून कुऱ्हाड घ्या. अर्धा ऑर्क आणि कुऱ्हाड, विचारच करायचा नाही."

"कुऱ्हाड नको."

"मग गदा?"

"हात आहेत की."

"हातांनी लढणारा म्हणजे भिक्षू," बायको पुस्तकात बोट ठेवून म्हणाली. "मठात राहतो. हत्यार नाही, चिलखत नाही. पण असा चपळ, की उडता बाण हाताने धरतो."

"धरतो?"

"धरतो."

"येडा आहे का? सुटलेली वस्तू धरायची नसते. बाजूला व्हायचं."

"अहो, नियम आहे तो."

"असेल," काचवाला म्हणाला, आणि भिक्षू घेतला. फासे टाकून आकडे काढले तेव्हा सगळ्यात मोठा आकडा त्याने चपळाईला दिला, त्याच्या खालचा शहाणपणाला, आणि उरलंसुरलं ताकदीला. मेहुण्याने डोकं धरलं. "एवढा थोरला ऑर्क आणि ताकद शेळीची! भाऊजी, लोक हसतील."

"ताकद लागते कुठे? अंगठा जरा जास्त दाबला की काच तडकते."

राहिली पात्राची पूर्वकथा. ती ज्याची त्याने रचायची, असा रिवाज. बायकोला वाटलं, इथे गाडं अडणार. ज्या माणसाने लग्न ठरताना "हो" एवढंच भाषण केलं, तो कथा काय रचणार? पण काचवाला पुट्टी लावताना विचार करायला लागला, आणि रोज जेवताना एकेक तुकडा पानावर वाढावा तसा सांगायला लागला.

"त्याला मठाच्या दारात ठेवून गेले होते. टोपलीत मावत नव्हता, म्हणून पोत्यात."

"अगं बाई!"

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मोठ्या गुरुजींनी कुठला, कोणाचा, विचारलं नाही. तो मोठा झाल्यावर एवढंच म्हणाले, वरच्या खिडक्यांना तुझा हात पोचेल का?"

"मग?"

"पोचला."

बायको वाढायची थांबली. हातातला डाव तसाच राहिला, आमटी थेंबाथेंबाने टेबलावर. "नाव काय त्याचं?"

"तावदान."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. आख्ख्या संसारात नवऱ्याने एवढी लांब गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती. सांगितली तीसुद्धा दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी. पण ऐकणारी काय दूधखुळी होती?

रविवार पुन्हा बोलू लागले. तावदान फार बोलायचा नाही. राक्षसाच्या गुहेत शिरताना सूत्रधारबाईंनी विचारलं, तावदान काय करतो? "दारात पाय पुसतो," काचवाला म्हणाला. सरदार चिडला, औषधवाली पोट धरून हसली, आणि बायकोने तिथल्या तिथे राक्षस इतका खूश झालेला दाखवला की त्याने चहा विचारला. काचवाल्याला मजा येऊ लागली. सोमवारी गिऱ्हाईक आरसा घ्यायला आलं तर त्याने आपणहून विचारलं, कुठे लावणार? गिऱ्हाईक घाबरलंच.

असं सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं, तेव्हा घंटाघर आलं.

गोष्टीत एक उंच घंटाघर होतं. वरच्या खोलीत चोरीला गेलेली घंटा, आणि ती आणायला चिमणी भिंत चढून गेलेली. सरदाराने दोर बांधला होता, विमेवाल्याने बांधावा तसा, म्हणजे कागदोपत्री मजबूत. दोर सुटला. औषधवालीने फासा टाकला आणि नेमका एक आला. वीस बाजूंच्या फाशात याहून वाईट दान नाही.

"चिमणी पडतेय," बायको हळूच म्हणाली. "खाली बरोब्बर तावदान उभा आहे. तावदान काय करतो?"

याच्यासाठीच तर भिक्षू असतो. उडता बाण धरणारे हात, सगळ्यात मोठा आकडा चपळाईला. औषधवाली चक्क हसत होती, आता आपली सुटका झाली म्हणून.

"मागे सरकतो," काचवाला म्हणाला. "हात उघडे."

शब्द बाहेर पडला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. काचेच्या धंद्यात हीच पहिली शिकवण. काच निसटली की सोड. धरू नकोस, गुडघा लावू नकोस, पाऊल मागे आणि हात उघडे. त्याच्या उस्तादांनी एकदा, एकदाच, पडती काच धरली होती, आणि पुढे जन्मभर त्यांना घासही धड उचलता येत नव्हता. तीस वर्षं हा माणूस मागे सरकत आला होता. आताही मेंदूला विचारायच्या आत तोंड सरकलं.

"नाही, म्हणजे," तो म्हणाला.

"पहिला शब्द खरा," मेहुणा पुटपुटला. त्यालाही बरं वाटलं नव्हतं.

बायकोने नियम मोडला नाही. मोडला असता तर ती सूत्रधार कसली! चिमणी खाली आदळली. मेली नाही, पण शुद्ध हरपली, रक्त वाहू लागलं, जगते की जाते हे पुढच्या फाशांवर. औषधवालीने चष्मा काढून पुसला. "आज जरा काम आहे मला," म्हणाली आणि पिशवी उचलली. पुढच्या रविवारी येते, असं काही बोलली नाही. नेहमी बोलायची.

खेळ वाचवायला बसलेल्या माणसाने खेळच बुडवायला घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. मेहुणा गेल्यावर काचवाला फासे एकेक करून डब्यात भरत होता, मान खाली. बायको टेबलावरचं कापड घडी करत होती.

"रागावलीस?"

"नाही हो." तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तुम्ही तसंच करणार हे मला ठाऊक होतं. खिडकी बंद झाली त्या दिवशी मी डेपोतून आले, आठवतंय? जेवणाचा डबा इथेच ठेवला आणि सांगितलं तुम्हाला. तुम्ही 'हं' म्हणालात आणि कारखान्यात गेलात."

"मला वाटलं, तुला एकटीला बसायचं असेल."

"मला वाटलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही." आवाज भांडणाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. "मी काच नव्हते हो."

काचवाल्याच्या हातात तो वीस बाजूंचा फासा होता. तो त्याने कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्या दिवशी कारखान्यात तो काय करत होता, हे त्याला लख्ख आठवलं. भिंतीला कान लावून उभा होता. तिचं रडणं ऐकत होता, आणि थांबल्यावर आत जाऊ असं ठरवत होता. ते थांबलं तेव्हा जेवायची वेळ झाली होती. हे त्याने बायकोला सांगितलं, अडखळत, फाशाकडे बघत. बायकोने हात पुढे केला. त्याच्या हातातून फासा घेतला आणि डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी कपाट औषधाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं. पुढे खोकणारा म्हातारा, मागे पोटदुखीवाली बाई. नंबर आल्यावर औषधवालीने सवयीने विचारलं, "काय होतंय?"

"तावदानची चूक झाली," काचवाला म्हणाला.

"तावदान पडलं?" औषध घेऊन निघालेला म्हातारा मागे वळून म्हणाला. "कोणाला लागलं तर नाही ना?"

"चिमणीला लागलं."

"अरेरे," पोटदुखीवाली कळवळली. "मुकं पाखरू बिचारं."

औषधवालीने ओठ दाबून धरले होते. आधी राग दाबायला, आणि आता हसू. "पण का केलंत हो तसं? मी खाली तुम्हाला बघून निर्धास्त होते."

भर रांगेसमोर काचवाल्याने काचेचा नियम सांगितला, उस्तादांच्या बोटांसकट. त्याला गल्लीने एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हातारा खोकायचा विसरला.

"आणि हे चिमणीला ठाऊक नव्हतं," औषधवाली शेवटी म्हणाली.

"नव्हतं. सांगायला हवं होतं मी."

"बरं. रविवारी बघू." तिने गोळ्यांची पट्टी कापायला घेतली. "चिमणी जगली तर मी येईन. आणि जगली की नाही ते बघायला यावंच लागेल मला."

ती आली. खेळ सुटला होता तिथूनच सुरू झाला. चिमणी फरशीवर निपचित, आणि घंटाघराच्या सज्जातून पहारेकरी बाण सोडायला लागलेले.

"तावदान काय करतो?"

काचवाल्याने या वेळी तोंडाला आधी आवरलं. मग म्हणाला, "चिमणीवर वाकतो."

पहिला बाण आला. फासा पडला, आकडा मोठा. "धरला!" मेहुणा खुर्चीतून उठला. दुसरा बाण धरता आला नाही. तिसराही नाही. पण बायको थांबली नाही. सूत्रधाराला दयामाया नसते. तावदानचा जीव शून्यावर आला.

"संपलं," काचवाला म्हणाला. "मेला बिचारा."

"अहो, तुमच्या पात्राच्या कागदावर काय लिहिलंय ते कधी वाचलंत का?" बायको म्हणाली. "अर्धा ऑर्क पडला तरी एकदा उठतो. ते त्याच्या रक्तातच आहे."

"लिहिलंय तर उठतो मग," काचवाला म्हणाला, आणि औषधवाली टेबलावर डोकं टेकून हसली. चिमणीसाठी तिने फासा टाकला तेव्हा मात्र सगळे फाशावर वाकले. चिमणी जगली. तावदानने तिला कडेने धरून उचललं, जास्त न दाबता, हे त्याने मुद्दाम सांगितलं. घंटा वरच राहिली ती राहिलीच, तिचं कोणाला सोयरसुतक नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी बायको डेपोतून आली. डबा टेबलावर ठेवला आणि चपला न काढताच बसली.

"गोदाम रिकामं केलं आज," ती म्हणाली. "सगळं भंगारात. पिंजरासुद्धा."

काचवाला उठला. पाय सवयीने कारखान्याच्या दाराकडे गेले, हात कडीवर पडला. पलीकडे हत्यारं होती, पुसायला. त्याने कडी सोडली. परत आला, रविवारी तो बसायचा ती खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. अशा वेळी काय बोलायचं असतं ते त्याला अजून ठाऊक नव्हतं. या टेबलावर सगळेजण तिला जे विचारायचे तेच त्याने विचारलं.

"मग? पुढे काय झालं?"

बायकोने मान वर केली. तो खरंच विचारतोय का, हे ती बघत होती. "आधी छत्र्या नेल्या," ती सावकाश म्हणाली. "भंगारवाला एकेक उघडून बघत होता, एखादी चांगली निघेल म्हणून." आणि तिने भंगारवाल्याचा आवाज काढला, नाकातला. मग बूट आले, कवळ्या आल्या. पिंजऱ्यापाशी पोचेपर्यंत ती रडायला लागली होती. काचवाल्याने आपला फावड्याएवढा पंजा तिच्या हातावर ठेवला, आणि किती दाबायचं ते त्या पंजाला बरोबर ठाऊक होतं. बाहेर कोणीतरी हाका मारत होतं, पलंग सरकवायचाय म्हणून. गोष्ट लांबत गेली, अंधारून आलं, दिवा लावायचा राहिला, आणि कपाट जागचं हललं नाही.